गोव्यात घर घेण्यापूर्वी : आधी जमीन वाचा, मग समुद्र पाहा

दिवाळी सरली, हवा कोरडी झाली आणि पर्यटनाचा हंगाम भरात आला, की गोव्यातल्या अनेक मराठी घरांत पुणे, मुंबई किंवा बेळगावहून एक फोन हमखास येतो. पलीकडे कुणी आतेभाऊ असतो, कुणी मावशीचे यजमान असतात. निवृत्तीची रक्कम नुकतीच हाती आलेली असते, चार दिवस कळंगुटला किंवा पाळोळ्याला राहून मंडळी परतलेली असतात आणि सांगणे एवढेच असते : ‘‘तुम्ही तिथलेच आहात, एखादी चांगली जागा बघून ठेवा.’’ तिथलेच असल्यामुळे आपल्याला सारे ठाऊक असणार, हा त्यांचा विश्वास मनाला सुखावतो. प्रत्यक्षात आपल्यापैकी बहुतेकांनी स्वतःच्या वडिलोपार्जित घराचा उतारासुद्धा कित्येक वर्षांत काढून पाहिलेला नसतो.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव याहून वेगळा नाही. आठ वर्षांपूर्वी आमच्या आतेभावाने बार्देशातील एका किनारी गावात दोन शयनगृहांची सदनिका घेतली. गॅलरीत उभे राहिले की माडांच्या शेंड्यांपलीकडे समुद्राची निळी रेघ दिसत असे. ठरवाठरवीला मीही सोबत गेलो होतो. आम्ही फरशा पाहिल्या, नळ सोडून पाहिले, खिडक्यांच्या काचा सरकवून पाहिल्या. कागद मात्र एकही उलगडून पाहिला नाही. ‘भोगवटा प्रमाणपत्र महिनाभरात येईल’ असे बांधकाम व्यावसायिकाने सांगितले आणि आम्ही मान डोलावली. ते प्रमाणपत्र आजतागायत आलेले नाही, कारण मंजूर आराखड्यात नसलेला एक मजला त्या इमारतीवर चढला आहे. दादा त्या घरात राहू शकतो, पण ते विकू शकत नाही; ज्यांनी ज्यांनी विचारणा केली, त्यांच्या बँकेने कर्ज नाकारले.

पर्यटनस्थळी घर घेणे आणि आपल्या नोकरीच्या गावी घर घेणे यांत एक मोठा फरक आहे. नोकरीच्या गावी आपण शाळा, बसथांबा, पाणी, शेजार यांची चौकशी करतो, कारण तिथे आपण रोज राहणार असतो. पर्यटनस्थळी आपण सुट्टीच्या मनःस्थितीत घर पाहतो आणि त्या मनःस्थितीला नेमके काय दाखवायचे, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते. गोव्यात या फरकात आणखी एक भर पडते. इथल्या जमिनीवर पोर्तुगीज काळातील कायदा, मुक्तीनंतरचे कूळ-मुंडकार कायदे, किनारी निर्बंध आणि वारंवार बदलणारे नियोजन यांचे थर एकावर एक साचलेले आहेत. सदनिका नवी कोरी असली तरी तिच्याखालची जमीन जुनीच असते आणि तिच्यावर कुणाकुणाचा हक्क आहे, हे इमारतीकडे पाहून कळत नाही.

उतारा मालकी सांगत नाही

महाराष्ट्रातील नातलग ‘सातबारा कुठे मिळेल?’ असे विचारतात. गोव्यात त्याच्या जागी ‘एक-चौदा’चा उतारा असतो, शहर भूमापन झालेल्या भागात ‘फॉर्म डी’. भूमापन व भूअभिलेख खात्याच्या संकेतस्थळावर गाव, सर्व्हे क्रमांक आणि उपविभाग भरला की एक-चौदाचा उतारा घरबसल्या पाहता येतो. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि घर पाहायला जाण्यापूर्वीच उरकावे. विक्रेता सर्व्हे क्रमांक सांगायला टाळाटाळ करीत असेल, तर पुढची चौकशी करण्यात अर्थ नाही.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली तयार झालेल्या या नोंदी जमिनीच्या कब्जाच्या आणि महसुलाच्या आहेत. विरुद्ध पुरावा येईपर्यंत त्या खऱ्या धरल्या जातात, एवढेच त्यांचे वजन. त्या मालकीहक्काचा दस्त नव्हेत. मालकी सिद्ध होते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, न्यायालयातील इन्व्हेंटरीत झालेली वाटणी किंवा पोर्तुगीज काळातील भूनोंदणी कार्यालयातील नोंद अशा कागदांच्या अखंड साखळीने. ही साखळी अनेकदा हस्तलिखित पोर्तुगीज भाषेत असते. म्हणून निव्वळ कायद्याचा जाणकार पुरत नाही. ती लिपी आणि ती भाषा वाचू शकणारा, किंवा विश्वासू भाषांतरकार हाताशी असलेला वकील शोधावा लागतो. विक्रेत्याने सुचवलेला वकील घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको. तरीही ते सांगावे लागते, कारण वाचलेल्या दोन-चार हजार रुपयांपायी माणसे नेमके तेच करतात.

ही भीती काल्पनिक नाही. बनावट दस्तांच्या आधारे जमिनी परस्पर विकल्याच्या तक्रारी वाढल्यावर २०२२ मध्ये राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले आणि पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही. ज्यांचे मालक हयात नव्हते किंवा परदेशी स्थायिक झाले होते, अशा जमिनी हेरून जुन्या दस्तांत फेरफार करणे ही त्या प्रकरणांतील ठरावीक पद्धत होती. फसवले गेलेल्यांत मूळ मालकांचे वारस होते, तसेच पैसे मोजून बसलेले खरेदीदारही होते.

वृत्तपत्राच्या कचेरीत बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट रोज दिसते. आतल्या पानावर बारीक टंकात ‘जाहीर सूचना’ छापल्या जातात : अमुक गावातील अमुक सर्व्हे क्रमांकाची मालमत्ता आमचे अशील विकत घेऊ इच्छितात, कुणाची हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवावी. मुद्रितशोधनाच्या वेळी ती वाचणारे आम्हीच काय ते दोघे-तिघे. पण घर घेणाऱ्याने अशी सूचना स्वखर्चाने एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात द्यावी. तिला कधीकधी खरोखरच उत्तर येते आणि ते उत्तर सौद्यानंतर येण्यापेक्षा आधी आलेले बरे.

सही कुणाकुणाची लागते?

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कौटुंबिक तरतुदी मुक्तीनंतरही चालू राहिल्या. त्यांनुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक ठरते. त्यामुळे जमीन एकट्या पतीच्या नावावर दिसत असली तरी विक्रीच्या दस्तावर पत्नीची सही आवश्यक असते. भाऊ विकत असतील तर भावजयांची, बहिणी विकत असतील तर त्यांच्या यजमानांची. पाच भावंडांचे घर म्हणजे दहा सह्या, आणि एखादे भावंड निवर्तले असेल तर त्याच्या जोडीदाराची आणि मुलांचीही. बाहेरच्या खरेदीदाराला हे चमत्कारिक वाटते. इथल्या वाचकालाही आपल्याच घराची विक्री अडते, तेव्हाच त्याचा खरा अर्थ कळतो.

‘वडिलांनी मृत्युपत्र करून ठेवले आहे’ हे उत्तरही पुरेसे नाही. मुले असतील तर माणसाला मृत्युपत्राने मर्जीप्रमाणे देता येतो तो आपल्या मालमत्तेचा अर्धा भाग. उरलेला अर्धा वारसांसाठी राखीव असतो. वारस ठरवणे आणि वाटणी यांची कार्यपद्धती आता २०१२ च्या गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्यात आहे. इन्व्हेंटरी पूर्ण होण्याआधी एखादा वारस आपला अविभाजित हिस्सा विकत असेल, तर खरेदीदाराला अमुक खोली किंवा अमुक अंगण मिळत नाही. त्याला मिळतो तो केवळ एक अपूर्णांक. शिवाय हिस्सा परक्याला विकला जात असेल तर इतर सहवारसांना तो आधी घेण्याचा अग्रहक्क असतो. जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या, ऐसपैस बलकांव असलेल्या घरांच्या जाहिराती सध्या फार देखण्या असतात. ती घरे स्वस्त मिळतात तेव्हा त्यामागे बहुधा हेच कारण असते : लिस्बन, लंडन आणि मुंबई येथे विखुरलेले वारस आणि त्यांतील एकाची न मिळालेली सही.

परदेशातील वारसाच्या वतीने कुणी कुलमुखत्यारपत्र घेऊन पुढे आला, तर ते देणारा हयात आहे का, हे त्याच महिन्यात तपासावे. देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर सर्वसाधारण मुखत्यारपत्र संपते. फोनवर, शक्य तर पडद्यावर समोरासमोर, दोन शब्द बोलून घेण्याने कुणाचा अपमान होत नाही.

कूळ, मुंडकार आणि कोमुनिदाद

एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाचा रकाना असतो आणि ‘इतर हक्कां’चाही. घाईत नजर कब्जेदाराच्या नावावरून थेट क्षेत्रफळावर जाते आणि हे दोन रकाने निसटतात.

शेतजमिनीवरील कुळांना पाचव्या दुरुस्तीने मालकी दिली. २० एप्रिल १९७६ हा त्यासाठी ‘कृषक दिन’ ठरला. कुळाकडे अशी गेलेली जमीन शेतीखेरीज अन्य कामासाठी वापरण्यास १९९१ च्या गोवा भूवापर नियमन कायद्याने मनाई केली आहे. म्हणजे एखाद्या शेतात ‘सी-व्ह्यू व्हिला’ उभे राहणार असतील आणि त्या जमिनीच्या इतिहासात कूळ असेल, तर रूपांतराची सनद हाती असूनही तो प्रकल्प न्यायालयात टिकेल याची हमी नाही. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने आणखी निर्बंध आले आहेत.

मुंडकाराचे प्रकरण निराळे. भाटकाराच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेल्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने निष्कासनापासून संरक्षण आहे, तसेच आपले घर आणि त्याभोवतीची जागा विकत घेण्याचा हक्कही. भाट विकत घेतले म्हणून त्यातली दोन कौलारू घरे आपोआप रिकामी होत नाहीत. ‘त्यांचे आम्ही बघून घेऊ’ असे विक्रेता म्हणाला, तर त्याने ते आधी बघून घ्यावे आणि मामलेदाराकडील कागद दाखवावा. या ठिकाणी खरेदीदाराच्या हितापलीकडचाही एक प्रश्न आहे. त्या घरांतील माणसे गावची आहेत. त्यांना त्रास देऊन मोकळ्या केलेल्या जागेवर सुट्टीचे घर बांधायचे का, याचे उत्तर वकील देऊ शकत नाही.

कोमुनिदादची जमीन ही गावकऱ्यांच्या संस्थेची जमीन. तिच्यावर परवानगीविना बांधलेली घरे पुष्कळ आहेत आणि ती नियमित करण्याची चर्चा प्रत्येक निवडणुकीच्या आसपास रंगते. राहत्या कुटुंबासाठी तो जिव्हाळ्याचा विषय आहे. बाहेरून येऊन असे घर विकत घेणाऱ्याने मात्र नियमितीकरणाच्या आशेवर एक रुपयाही गुंतवू नये. ‘अर्ज केलेला आहे’ याचा अर्थ अर्ज केलेला आहे, इतकाच.

वसाहत क्षेत्र झाले कसे?

जमीन कोणत्या क्षेत्रात मोडते, हे प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये आणि शहरांपुरते बाह्यविकास आराखड्यात पाहावे लागते. नगरनियोजन खात्याकडून झोनिंगचा दाखला मिळतो. तो घ्यावा. पण अलीकडे तेवढ्याने भागत नाही. आज ‘वसाहत’ दिसणारी जमीन कालपर्यंत बागायत किंवा भातशेती असेल, तर ती कोणत्या मार्गाने बदलली हेही विचारावे लागते.

नगर व ग्रामनियोजन कायद्यात २०२३ मध्ये कलम १७(२) आले. आराखड्यातील चुका सुधारण्याच्या नावाने त्याखाली एकेका भूखंडाचे क्षेत्र बदलले जाऊ लागले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये त्याखालील नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्दबातल ठरवली. २०२४ मध्ये आणलेल्या कलम ३९अ लाही न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. या कलमांखाली बदललेल्या जमिनीवरील घर घेणे म्हणजे एका न्यायालयीन वादातला छोटा हिस्सा विकत घेणे होय. जाहिरातीत हे कुणी छापत नाही.

झोन अनुकूल असला तरी जमिनीची रूपांतर सनद वेगळी लागते आणि ती किती चौरस मीटरांसाठी दिली आहे, हे सनदेसोबतच्या नकाशात पाहावे. चार हजार चौरस मीटरांच्या भाटात एक हजाराचीच सनद असते आणि तलाव, वाहनतळ, क्लबघर मात्र उरलेल्या बागायतीत दाखवलेले असते. ‘फार्म प्लॉट’ म्हणून अविभाजित हिस्से विकण्याची पद्धतही अशीच फसवी आहे. जमिनीचे तुकडे पाडून विक्री करायची तर नियोजन खात्याचा ना-हरकत दाखला लागतो. तो टाळण्यासाठी कागदावर हिस्सा आणि जागेवर कुंपण असा देखावा उभा केला जातो.

भरतीरेषेपासून किती मीटर?

समुद्राची निळी रेघ दिसते म्हणून आपण जास्त पैसे देतो. कायदाही तिच्यापासूनच मोजायला सुरुवात करतो. किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. तिच्या जागी २०११ ची आली आणि गोव्याचा किनारी व्यवस्थापन आराखडा २०११ च्या अधिसूचनेवर बेतलेला आहे. त्यानुसार पंचायत क्षेत्रातील बहुतेक किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध. २०० ते ५०० मीटरांच्या पट्ट्यातही परवानगी मिळते ती मुख्यतः पारंपरिक वस्तीच्या निवासासाठी; तळमजला व एक मजला, उंची नऊ मीटरपर्यंत. नदी आणि खाडीच्या काठी १०० मीटर किंवा पात्राची रुंदी यांतील जे कमी असेल ते अंतर मोजतात. मांडवी, शापोरा, साळ या नद्यांच्या काठी ‘रिव्हर-फेसिंग’ घर पाहताना हे विसरले जाते, कारण तिथे लाटा नसतात. खाजन जमिनी, वाळूचे धक्के आणि मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग येथील कासवांच्या विणीचे किनारे यांना तर या अधिसूचनेत गोव्यापुरते खास संरक्षण आहे.

किनाऱ्याजवळचे जुने घर विकताना ‘हे १९९१ च्या आधीचे आहे’ असे सांगितले जाते. असेलही. पण त्या वेळी ते घर केवढे होते? जुन्या सर्व्हे नकाशावरील घराचा आकार आणि आजचा आकार शेजारी ठेवून पाहावे. तीन खोल्यांचे घर दुरुस्तीच्या परवान्यावर अकरा खोल्यांचे झाले असेल, तर वाढलेल्या आठ खोल्या १९९१ च्या आधीच्या ठरत नाहीत. किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची पाडकामाची नोटीस त्या दिवशी जो कब्जात असेल त्याच्या दारावर लागते. पैसे घेऊन गेलेला माणूस तोवर दुसरीकडे असतो.

परवाने आणि ‘रेरा’

नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आरोग्य खात्याचा दाखला, पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना, बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, असा हा क्रम आहे. यांतील शेवटचा कागद हाती नसेल तर आधीच्या चारांचा उपयोग मर्यादित, हे दादाच्या उदाहरणावरून दिसलेच. घरपट्टीची पावती आणि वीज-पाण्याची बिले पुढे केली जातात. ती बांधकाम कायदेशीर असल्याचा पुरावा नव्हेत. पंचायत बेकायदा घराकडूनही घरपट्टी घेते.

‘रेरा’ कायद्याचे संरक्षण चांगले आहे. विक्री कराराची नोंदणी होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, खरेदीदारांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात, ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातील दोष निघाल्यास विनामोबदला दुरुस्त करून द्यावे लागतात. पण जमीन ५०० चौरस मीटरांहून अधिक नसेल किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही. आसगाव-शिवोलीच्या बाजूला पाच-सहा व्हिलांचे छोटेखानी प्रकल्प इतके का निघतात, याचे एक कारण या आकड्यांत शोधता येईल. अशा ठिकाणी खरेदीदाराला राखणारा फक्त त्याचा स्वतःचा करार असतो.

क्षेत्रफळाचा हिशेब मात्र प्रत्येकाने स्वतः करावा. समजा, ‘१००० चौरस फूट, दर ९,०००’ असे सांगितले. किंमत ९० लाख. आत टेप लावून मोजल्यावर चटईक्षेत्र ७०० चौरस फूट भरले, तर खरा दर १२,८५० च्या पुढे गेला. उरलेले ३०० फूट जिन्यात, लॉबीत आणि तलावाच्या कडेला वाटले गेले.

पावसाळा, पाणी आणि बंद दारे

कागदांचे संकट टळले तरी रोजच्या जगण्याचे प्रश्न उरतात आणि गोव्यात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दिसत नाहीत. किनारपट्टीवर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत बंद राहिलेल्या घराचे काय होते, हे पाहायचे असेल तर ऑगस्टअखेर एखाद्या अशा घराचे दार उघडावे. कपाटाच्या मागे काळी बुरशी, गाद्यांना वास, खाऱ्या हवेने खिडक्यांच्या बिजागऱ्या गंजलेल्या, पश्चिमेच्या भिंतीतून झिरपलेले पाणी. सपाट छत आणि काचेच्या मोठ्या भिंती छायाचित्रात सुरेख दिसतात. आपल्या आजोबांनी उतरते कौलारू छप्पर आणि रुंद पडवी बांधली, त्यांना सौंदर्यदृष्टी नव्हती म्हणून नव्हे.

पाण्याचे गणित तालुक्यागणिक बदलते. बार्देशाची भिस्त अस्नोड्याच्या प्रकल्पावर आणि त्याला तिळारीतून मिळणाऱ्या पाण्यावर. तिळारीचा कालवा फुटला की म्हापशापासून कळंगुटपर्यंत टँकरची वाट पाहिली जाते. तिसवाडी-फोंड्याला ओपा, दक्षिणेला साळावली. प्रकल्पाच्या माहितीपत्रकात ‘चोवीस तास पाणी’ लिहिलेले असेल, तर ते नळाचे, बोअरचे की टँकरचे, हे शेजारच्या घरात जाऊन विचारावे. इमारतीत नव्हे, शेजारच्या जुन्या घरात. तिथली आजी मार्च-एप्रिलमध्ये आपल्या विहिरीला किती पाणी असते आणि इमारत झाल्यापासून ते किती खाली गेले, हे न विचारताही सांगते. ग्रामसभांमध्ये मोठ्या प्रकल्पांना जो विरोध होतो, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच विहीर असते.

सांडपाण्याचेही तसेच. मलनिस्सारण वाहिनी पणजी, मडगाव, वास्कोच्या काही भागांत आहे. किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा. जांभ्या दगडातून पाणी सहज पाझरते. वीस सदनिकांचा शोषखड्डा आणि पिण्याची विहीर यांत किती अंतर आहे, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

बंद दारे हा त्याहून कमी बोलला जाणारा त्रास. दादाच्या इमारतीत सोळा सदनिका आहेत. जुलैत त्यांतल्या तीन उघड्या असतात. उरलेल्यांचे मालक दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद येथे. देखभालीची वर्गणी वेळेवर देणारे निम्मे. मोटर जळाली, की जो हजर असतो त्याने पैसे भरायचे आणि मग वर्षभर संदेश पाठवून मागत बसायचे. सोसायटी नोंदवायची तर भोगवटा प्रमाणपत्र नाही म्हणून तेही अडलेले. निवृत्तीनंतर कायम राहायला येणाऱ्या वृद्ध दांपत्याने अशी इमारत घेण्याआधी पावसाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी सातला तिथे जावे आणि किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजावे. रात्री छातीत दुखू लागले तर बांबोळीचे गोमेकॉ किती अंतरावर आहे आणि त्या वेळी दार ठोठवायला मजल्यावर कोण आहे, हे समुद्र किती दिसतो याहून अधिक महत्त्वाचे आहे.

भाडे, कर आणि उरलेले काही

‘तुम्ही नसाल तेव्हा आम्ही पर्यटकांना देऊ, हप्ता भाड्यातून सुटेल’ हे आश्वासन आता सर्रास दिले जाते. पर्यटकांना घर किंवा खोल्या भाड्याने द्यायच्या, तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. हंगामाचे चार महिने आणि पावसाळ्याचे चार महिने यांची सरासरी काढूनच उत्पन्न धरावे आणि साफसफाई, व्यवस्थापकाचा हिस्सा, वातानुकूलन यंत्राची दुरुस्ती, रंग हे सारे त्यातून वजा करावे. त्याच इमारतीत कायम राहणाऱ्या कुटुंबाची बाजूही आहेच : शनिवारी मध्यरात्री जलतरण तलावाकाठी चाललेला गोंगाट ज्यांच्या पदरी येतो ते.

करांबाबत थोडक्यात. बांधकाम चालू असलेल्या सदनिकेवर पाच टक्के जीएसटी लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतल्यास लागत नाही. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापून भरायचा. गोव्यात इथे एक खाच आहे. विक्रेता अनिवासी असेल (पोर्तुगीज पारपत्र घेऊन इंग्लंडात स्थायिक झालेले कितीतरी गोमंतकीय आहेत), तर हा एक टक्का चालत नाही. अनिवासींसाठीचा कितीतरी चढा दर लागू होतो आणि तो कापण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते. विक्रेत्याने पूर्ण रक्कम घेतली आणि विमानात बसला, तर आयकर खाते नोटीस खरेदीदाराला पाठवते. तेव्हा विक्रेत्याला त्याचे निवासी स्थान लेखी विचारावे आणि करारात तसे नमूद करून घ्यावे.

गेल्या महिन्यात मावशीच्या यजमानांचा फोन आला. काणकोणच्या बाजूला एक ‘फारच छान’ जागा त्यांनी पाहिली होती. छायाचित्रे आली, त्यांत माड, झोपाळा आणि सूर्यास्त होता. मी सर्व्हे क्रमांक मागितला. दोन दिवसांनी तो आला. उतारा काढला तर कब्जेदार म्हणून सात नावे आणि कुळाच्या रकान्यात आणखी एक. काकांना तसे कळवले आहे. त्या सातांपैकी कोण कुठे आहे, याची चौकशी आता विक्रेता करतो आहे, असे ते म्हणाले.